सूत्रधार, नियमांचे पुस्तक आणि हुशार खेळाडू

श्रोतेहो, नमस्कार. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे आणि सूत्रधाराने मांडलेल्या प्रसंगातून फासे टाकत वाट काढायची, असा खेळ आपल्यापैकी काहींच्या घरी रविवारी दुपारी रंगत असेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार जगभर गेला. त्यातला सूत्रधाराला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर युद्धखेळ खेळला जाई आणि त्यात प्रत्येक गोळीबाराचा हिशेब कोष्टकांवरून होत असे. १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी या अधिकाऱ्याने ही कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचानेच निर्णय द्यावा, असे सुचवले. नियम मोठा की पंच, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझे मत असे की, खेळाडूची हुशारी प्रसंगावर चालते आहे की पुस्तकातल्या शब्दांवर, हे ओळखता आले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. दिंडोरी तालुक्यातल्या रामशेजला १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो किल्ला काही वर्षे झुंजवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकूड आणि चामडे वापरून तोफा केल्या, असे मोगलांचा इतिहासकार खाफीखान याने लिहून ठेवले आहे. आता समजा, तुम्ही हाच वेढा खेळात मांडला आणि इतिहास ठाऊक नसलेल्या एका मुलीने आपण होऊन म्हटले, “आपण लाकडाची तोफ करू.” पुस्तकात लाकडी तोफ नाही. अशा वेळी पाने उलटत बसू नये आणि ‘नियमात नाही’ असे म्हणून तिचे तोंडही बंद करू नये. लाकूड कोणते, सुतार कोण, चामडे कुठून आणणार, हे विचारावे. तिने गोठ्यातल्या मेलेल्या बैलाचे कातडे आणि गडावरच्या सदरेचे खांब सुचवले, तर तिने प्रसंग नीट पाहिला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत काम जमायला फाशावर किमान किती यावे, याचा आकडा सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० असा धरतात. इथे १५ सांगावा, वीस बाजूंचा फासा टाकू द्यावा, आणि आकडा पाचहून अधिकने हुकला तर तोफ फुटून जवळचा माणूस जखमी होईल, हेही फासा हातात असतानाच सांगावे. किंमत आधी कळली की खेळाडू कुरकुरत नाही. शिवाय सदरेचे खांब गेले म्हणजे छप्परही गेले, आणि पावसाळा तोंडावर आहे.

दुसरा खेळाडू वेगळा असतो. त्याने पुस्तक पाठ केलेले असते. पुस्तकाप्रमाणे लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते आणि प्रत्येकाला आपली कृती राखून ठेवता येते, म्हणजे ठरवलेली गोष्ट घडताच ती त्याच फेरीत करता येते. तो म्हणतो, “गडाखाली दोन हजार गावकरी पाच-पाच फुटांवर उभे करू. एकाने दुसऱ्याच्या हाती भाला द्यायचा, असे एकाच फेरीत शेवटपर्यंत. म्हणजे सहा सेकंदांत भाला तीन किलोमीटर जाईल. हा वेग आवाजाहूनही जास्त झाला, तेव्हा पुढचा तट कोसळलाच पाहिजे.” ही शक्कल जुनी आहे आणि जगभरच्या टेबलांवर प्रसिद्ध आहे. तिचे उत्तर रागावून देण्याची गरज नाही, कारण त्याची लबाडी एकाच ठिकाणी आहे: भाला पुढे सरकवताना तो पुस्तक दाखवतो आणि तट पाडताना भौतिकशास्त्र. त्याला यांपैकी एकच निवडायला सांगावे. पुस्तक निवडले तर भाला शेवटच्या माणसाच्या हातात पोचेल आणि फेकल्यावर सहा बाजूंच्या एका फाशाइतकीच इजा करील. भौतिकशास्त्र निवडले तर भाला शंभराव्या गावकऱ्यापर्यंतही वेळेत पोचणार नाही.

अशा खेळाडूला शत्रू मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खेळ अडला की नियम शोधण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे. तो खूश राहतो आणि तुमची दृष्टी इतर चौघांवर राहते. मात्र निर्णय लगेच द्यावा लागतो. दोन मिनिटांत नियम सापडला नाही, तर आपल्या अंदाजाने निकाल देऊन टाकावा आणि तो वहीत टिपून ठेवावा.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू थेट कंपाउंडच्या आत गेला तर बाद, हे पहिल्या चेंडूआधी ठरते, म्हणून कोणी भांडत नाही. तसाच एक घरचा नियम पहिल्याच बैठकीत सांगून टाकावा: जी युक्ती तुम्हाला चालली, ती यापुढे शत्रूलाही चालेल. पळवाट शोधणारा खेळाडू हे ऐकून स्वतःच मागे सरतो, कारण तीच युक्ती समोरून आली तर काय होईल, हे त्याला सर्वांच्या आधी कळते.

वहीत टिपलेला निकाल घरी पुस्तक पाहिल्यावर चुकीचा ठरला, तर पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला बदललेला नियम सांगावा. पण त्या निकालाच्या जोरावर खेळाडूंनी जिंकलेला बुरूज परत घेऊ नये.