गाव कुठलं रे तुझं?

(दृश्य: नाशिकरोड स्थानक, पहाट. बाकाखाली एकच निळी रबरी चप्पल.)

या फिल्ममध्ये तुम्हाला एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७४व्या कलमाने अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. हे कलम नसतं तरी आम्ही चेहरा दाखवला नसता. ज्याची गोष्ट सांगतोय तो कुणी एकच मुलगा नाही, अनेकांच्या हकिगती एकत्र गुंफून तो उभा राहिलाय. वय दहाच्या आसपास. आपण त्याला बारक्या म्हणू.

रेल्वे पोलिसांना तो फलाटावर झोपलेला दिसला. १०९८ वर, म्हणजे मुलांच्या मदत क्रमांकावर, फोन गेला. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे नेलं. अशा मुलाला कुठे ठेवायचं हे ही समिती ठरवते. समितीने आदेश दिला: बालगृहात प्रवेश. लोकांच्या तोंडी अजून ‘रिमांड होम’च आहे, आणि तो शब्द ऐकून शेजारीपाजारी समजतात की पोराने काहीतरी गुन्हा केला. बारक्याने काहीही केलेलं नाही. तो फक्त निघून आलाय.

पेपरात छापून येतं ते इथपर्यंत. सुटका झाली, मूल सुखरूप. पुढचं काम ताईंचं.

(दृश्य: टेबलावर नोंदवही. लिहिणारा हात.)

ताई म्हणजे बालगृहाची सामाजिक कार्यकर्ती. मुलं म्हणतात म्हणून आम्हीही ताईच म्हणतो. पहिल्या दिवशी आंघोळ, वैद्यकीय तपासणी, कपडे, जेवण. अंगावरच्या वस्तूंची यादी: शर्ट एक, चड्डी एक, खिशात एसटीचं चोळामोळा झालेलं अर्धं तिकीट. वणी ते नाशिक.

ताई ते तिकीट फाईलला लावून ठेवतात.

“गाव कुठलं रे तुझं?”

बारक्या खाली बघतो. असा प्रश्न विचारणारी प्रत्येक मोठी व्यक्ती आपल्याला परत पाठवणार, हे त्याला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी भाकरी थापणाऱ्या मावशींशी तो दोन शब्द बोलतो. मावशी पेठकडच्या, त्याची बोली ओळखतात. पाड्याचं नाव निघतं: उंबरपाडा.

आता उंबरपाडे एकापेक्षा जास्त. सुरगाण्याकडे आहे, पालघर जिल्ह्यातही आहे. पण खिशातलं तिकीट वणीचं, आणि सुरगाण्याची वाट वणीवरूनच जाते. ताई सुरगाण्याची गाडी धरतात.

(दृश्य: एसटीच्या खिडकीतून. दिंडोरी मागे पडते, वणी येते, सप्तशृंगीचा डोंगर दिसत राहतो.)

याला गृहचौकशी म्हणतात. समितीने सांगितल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मूल का निघालं, घरात कोण आहे, परत पाठवलं तर काय होईल, हे त्यात यायला हवं. ही चौकशी फोनवरही उरकता येते. पोलीस पाटलांना विचारायचं, रकाने भरायचे. कागद अगदी तसाच दिसतो. म्हणून आम्हाला वाटतं, अहवालाच्या आधी ताईंच्या चपलांना लागलेली माती पाहावी.

पाड्यावर घराला कुलूप.

शेजारची आजी सांगते, “द्राक्षाला गेलीय.” दिवाळी झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातली माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला उतरतात, ती खुडा, म्हणजे द्राक्षांची तोडणी, संपेपर्यंत तिथेच. बारक्याची आई दिंडोरीजवळच्या एका बागेत होती. म्हणजे बालगृहापासून साधारण पंचवीस किलोमीटर. ताई तिच्यावरूनच पुढे गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बागेत भेट झाली. आईच्या हातात कात्री, समोर क्रेट. पोरगा जिवंत आहे हे ऐकून ती वेलीखालीच बसली. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आजारपणात एका ढाबेवाल्याकडून उचल, म्हणजे कामाच्या बोलीवर आगाऊ पैसे, घेतली होती, ती फिटेपर्यंत पोरगं भांडी घासायला ठेवलं. तिथे मार बसला, म्हणून तो पळाला.

(दृश्य: द्राक्षाच्या मांडवाखाली दोन बायका. आवाज नाही.)

मुलाचं घर सापडलं, आई रडतेय, तीही गरीब आहे. चटकन वाटतं, सोडा पोराला आईकडे. पण उचल तशीच आहे, आणि ढाबाही तिथेच आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना मेंढ्या राखायला वेठबिगार म्हणून पाठवल्याचं उघड झालं, ते एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. त्या पोरीची आठवण ठेवून सांगतो, घाईने घरी सोडणं ही काळजी नव्हे.

ताईंनी अहवालात दोन्ही लिहिलं: आईला मूल हवंय, आणि आज परत पाठवलं तर ते पुन्हा कामाला लागेल. ढाबेवाल्याविरुद्ध तक्रार पोलिसांत गेली. अशी उचल फेडायचं बंधन कुणावरही नाही, वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालीय, हे आईला तीन वेळा समजवावं लागलं. तिसऱ्यांदा तिने मान हलवली.

मग कागद. बारक्याचा जन्मदाखला नाही, आधार नाही. बालसंगोपन योजनेत महिन्याला सव्वादोन हजार रुपये मिळू शकतात, विधवा आईच्या मुलाला ती लागू होते. पण त्यासाठी वडिलांचा मृत्यूदाखला हवा, आणि मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदलेलाच नाही. ताईंचे कितीतरी दिवस या दाखल्यांमागे गेले. कॅमेऱ्यात दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही, आणि तरी या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम हेच असावं.

इकडे बालगृहात त्याचा वैयक्तिक काळजी आराखडा तयार झाला. तब्येत, शिक्षण, मनाची अवस्था, नाती, पुढची सोय. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी प्रगती लिहायची, नंतर महिन्यातून एकदा. एका पंधरवड्याच्या नोंदीत फक्त एवढंच: ‘रात्री झोपेत ओरडणे कमी. ताट स्वतः धुऊ नकोस असे सांगावे लागते.’

ज्यांना परत जायला घरच नाही, त्यांची वाट वेगळी. कुणाला दत्तक कुटुंब, कुणाला प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता सांभाळणारं कुटुंब. जी मुलं तशीच अठराची होतात, त्यांच्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे. सरकारी नोकरीतल्या एक टक्का आरक्षणासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र सतराव्या वर्षी आठवून चालत नाही. तेही ताईंनीच आधी काढून ठेवायचं असतं.

(दृश्य: जून. डोंगरावर पाऊस. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या.)

जूनमध्ये समितीच्या आदेशाने बारक्या आईच्या ताब्यात गेला आणि पाड्याजवळच्या आश्रमशाळेत दाखल झाला. बालगृहाच्या वहीत ‘पुनर्स्थापना’ अशी नोंद झाली. ताईंनी फाईल बंद केली नाही. पाठपुरावा बाकी होता. मुलगा जूनमध्ये घरी असणं सोपं असतं. कठीण महिना दिवाळीनंतरचा.

नोव्हेंबरात ताई पुन्हा त्या पाड्यावर गेल्या. घराला कुलूप.

तिथून आश्रमशाळेपर्यंत पायवाट आहे. ताई त्या वाटेवर आमच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. दुपारच्या जेवणाची रांग लागली होती. शेवटून तिसरा, हातात ताट, दोन्ही पायांत चपला.

त्याने ताईंना पाहिलं आणि रांग सोडून मागच्या पोराआड लपला. ताई पायरीवर बसून राहिल्या. जेवण झाल्यावर तो आला, जरा लांबच उभा राहिला.

“आई दिंडोरीलाच ना?”

ताईंनी मुकादमाचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.