परळचं माकड आणि मुलांचा ल्युकेमिया

नमस्कार श्रोतेहो. लहान मुलांच्या ल्युकेमियाबद्दल, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाबद्दल आज बोलायचंय. पण आधी एक गोष्ट ऐका. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन पांढऱ्याफटक पडत होत्या, दगावत होत्या. (त्या गिरण्यांच्या जागी आता काचेचे टॉवर उभे आहेत. असो, माझं तोंड उघडायला लावू नका.) बाईंनी जंतू शोधले, हाती काही लागेना. मग या बायकांच्या पोटात काय जातं ते पाहिलं. उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले. शेवटी कंटाळून एका आजारी माकडाला मार्माइट चारलं, यीस्टचा तो काळाकुट्ट, खारट, चिकट अर्क. माकड ठणठणीत! मग बायकांना दिलं, त्यांचंही रक्त भरू लागलं.

त्या अर्कातली करामत होती फॉलिक ॲसिड या ब गटातल्या जीवनसत्त्वाची. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते तयार केलं. सुब्बाराव भीमावरमचे, आपल्याच देशातले. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव का नाही, देव जाणे. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसलं, की फॉलिक ॲसिडने ल्युकेमिया उलट फोफावतो. म्हणजे रसद तोडली तर? सुब्बारावांकडून फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध आलं, ॲमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बरनी लिहिलं: १६ मुलांपैकी १० सुधारली. काही महिन्यांपुरतीच, पण तोवर तेवढंही कुणी पाहिलं नव्हतं.

आज त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट आहे, सदाफुलीपासून काढलेलं व्हिन्क्रिस्टिन आहे. मुलांमध्ये जास्त आढळतो तो ल्युकेमियाचा प्रकार श्रीमंत देशांत दहातल्या साधारण नऊ मुलांचा बरा होतो. आपल्याकडे औषधं तीच, तरी आकडा खाली राहतो. एक कारण जंतुसंसर्ग, आणि दुसरं, उपचार अर्धवट सोडणं.

पोर खेळायला लागलं, केस आले, की घरचे म्हणतात, झालं बरं. नाही हो! नंतरच्या गोळ्या दीड-दोन वर्षं चालतात. पुन्हा सांगतो, गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत. मेथोट्रेक्सेटची गोळी सहसा आठवड्यातून एकदाच असते, रोजची समजून देऊ नका. ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि मावशीने सुचवलेलं टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात फॉलिक ॲसिड असू शकतं. भेटायला येणाऱ्यांनीही वॉर्डात गर्दी करू नये. फळांची करंडी घरी ठेवा, त्यापेक्षा गाडीभाडं द्या.

पैशांवाचून अडत असेल तर उपचार सोडण्याआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.