गाळाने बुजलेले बंदर : एफिससच्या वाटेवरून

(दृश्य : सकाळचे कोवळे ऊन. रिकामा संगमरवरी रस्ता आणि त्याच्या टोकाला वाऱ्यावर हलणारे लव्हाळे.)

थिएटरच्या पायथ्यापासून पश्चिमेकडे सरळ निघालेला हा रस्ता सुमारे ५३० मीटर लांब आणि ११ मीटर रुंद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा होत्या, खांबांच्या आड दुकाने होती, आणि रात्री येथे ओळीने दिवे लावले जात असत, असे येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून कळते. आशिया प्रांताचा (म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाचा) रोमन प्रांताधिकारी समुद्रमार्गे येई तेव्हा त्याने प्रथम एफिससच्याच बंदरात उतरावे, असा नियम होता. त्या बंदराकडे नेणारा हा राजरस्ता आज चालत संपवला, तर समोर पाण्याऐवजी दलदल लागते. खरा समुद्र येथून कित्येक किलोमीटर दूर, पामुजाकच्या वाळूवर आहे.

तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, इझमिरच्या दक्षिणेस सुमारे ७५ किलोमीटरवर, सेल्चुक नावाचे छोटे शहर आहे. इझमिरच्या बस्माने स्थानकातून तेथे थेट रेल्वे जाते आणि सेल्चुकपासून तीनेक किलोमीटरवर एफिससचे अवशेष सुरू होतात. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हेच गाव ‘इफिस’ या नावाने परिचयाचे आहे. २०१५ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. बहुतेक प्रवासी वरच्या दरवाजाने आत शिरतात, उतारावरून चालत ग्रंथालयापुढे छायाचित्रे काढतात आणि दोन तासांत बाहेर पडतात. आपण मात्र एका नदीचे बोट धरून हे शहर पाहणार आहोत. प्राचीन काळी कायस्त्रोस म्हणून ओळखली जाणारी आणि आज कुचुक मेंदेरेस हे नाव धारण करणारी ही नदी शतकानुशतके गाळ आणत राहिली आणि त्या गाळामुळे एफिससला पुन्हा पुन्हा आपली जागा सोडावी लागली.

(दृश्य : सखल खड्डा, साचलेले पाणी, एकटा उभा खांब. त्याच्या माथ्यावर करकोच्याचे घरटे.)

सेल्चुकच्या वेशीवरचा हा खड्डा पाहून अनेकांची निराशा होते, कारण प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक असलेले आर्टेमिस देवीचे मंदिर येथे होते, यावर सहज विश्वास बसत नाही. विखुरलेले तुकडे एकावर एक रचून उभा केलेला एकच खांब, त्यावरचे करकोच्याचे घरटे आणि हिवाळ्यातील पावसानंतर साचणारे पाणी, एवढेच येथे दिसते. परंतु घाईने निघून जाऊ नये, असे मनापासून सांगावेसे वाटते. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या मध्यास लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस याने या मंदिराच्या खांबांसाठी दान दिले होते. इसवी सनपूर्व ३५६ मध्ये, केवळ आपले नाव अजरामर व्हावे या हव्यासापोटी, हेरोस्ट्रॅटस नावाच्या माणसाने ते जाळले. त्यानंतर त्याच जागी नवे मंदिर उभे राहिले. त्याला ६० फूट उंचीचे १२७ खांब होते, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो. भूकंपाचा धक्का सौम्य लागावा म्हणून मुद्दाम दलदलीची जागा निवडली आणि पायाखाली कोळसा व लोकर अंथरली, असेही त्याने नोंदवले आहे. एके काळी समुद्र या मंदिरापर्यंत येत होता, हेही तोच सांगतो.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी मंदिर लुटले. पुढे त्याचे दगड इतर इमारतींसाठी गेले, उरलेल्या भागावर नदीचा गाळ चढला, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मंदिर नेमके कोठे होते हेही कोणाला सांगता येईना.

ते शोधणारा जॉन टर्टल वुड हा मूळचा वास्तुकार. इझमिर-आयदिन रेल्वेच्या स्थानकांचे आराखडे करण्यासाठी तो १८५८ मध्ये या भागात आला आणि मंदिराच्या ध्यासाने येथेच गुंतून राहिला. १८६३ पासून तो जागोजागी खणत होता. थिएटरमध्ये खणताना त्याला इसवी सन १०४ मधील एक प्रदीर्घ शिलालेख मिळाला. व्हिबियस सॅल्युटारिस या श्रीमंत नागरिकाने देवीला सोन्याचांदीच्या मूर्ती अर्पण केल्या होत्या, आणि त्या मूर्तींची मिरवणूक कोणत्या वाटेने निघावी, कोणत्या दरवाजातून शहरात शिरावी आणि कोणत्या दरवाजातून मंदिराकडे परतावी, याचा तपशील त्यात कोरलेला होता. वुडने आधी तो दरवाजा शोधला, मग दरवाजातून निघणारा रस्ता शोधला, आणि त्या रस्त्याचा माग काढत १८६९ च्या अखेरच्या दिवशी, सुमारे सहा मीटर गाळाखाली, तो मंदिराच्या संगमरवरी फरशीपर्यंत पोहोचला. मिरवणूक बंद पडून दीड हजार वर्षे लोटली होती, तरी तिचा मार्ग दगडावर शाबूत होता. पुरातत्त्वाच्या इतिहासात इतका सुंदर माग क्वचितच कोणाला लागला असेल.

(दृश्य : दोन टेकड्यांमधील खिंड. उतारावरून खाली जाणारा कुरेटेस रस्ता.)

मंदिराभोवतीचे जुने गाव सोडून लोक या दोन टेकड्यांमध्ये येऊन राहिले, ते स्वखुशीने नव्हे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर हा प्रदेश हाती आलेल्या लिसिमॅकसने येथे नवे शहर वसवले आणि त्याला तटबंदी घातली. परंतु आपली राहती घरे सोडण्यास कोणी तयार होईना. तेव्हा त्याने मुसळधार पावसाची वाट पाहिली आणि जुन्या वस्तीची गटारे बुजवून टाकली. घराघरांत पाणी शिरले आणि लोकांना नव्या जागी जावे लागले, असे भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो.

कुरेटेस रस्त्याने उतरताना डाव्या हाताला मोठ्या छपराखाली जी घरे आहेत, ती पाहिल्याशिवाय परतू नये. डोंगरउतारावर तीन टप्प्यांत बांधलेली ही सात घरे सुखवस्तू कुटुंबांची होती. भिंतींवर रंगचित्रे, जमिनीवर मोझाइक, मधोमध उघडे अंगण आणि घरात खेळवलेले पाणी, असा त्यांचा थाट होता. तिसऱ्या शतकातील भूकंपात ती कोसळली आणि ढिगाऱ्याखाली झाकली गेल्यामुळेच त्यांचे रंग टिकून राहिले. एका दालनाच्या भिंतींना लावलेल्या संगमरवरी पातळ फरश्यांचे सुमारे १ लाख २० हजार तुकडे झाले होते. दगडातील नैसर्गिक रेषा जुळवत ते जोडण्याचे काम येथे वर्षानुवर्षे चालले आहे. काचेच्या मार्गिकेवरून खाली पाहिले की लांब टेबलांवर मांडलेले तुकडे दिसतात. भिंतींवर रहिवाशांनी खरडलेले हिशेब आणि ग्लॅडिएटरांची ओबडधोबड चित्रेही दिसतात, आणि त्या खरडीपुढे उभे राहिल्यावर येथे खरोखरच माणसे राहत होती हे जितके जाणवते, तितके कोणत्याही भव्य इमारतीपुढे जाणवत नाही.

(दृश्य : सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत. कॅमेरा पायऱ्यांपासून हळूहळू वर.)

उताराच्या तळाशी हे ग्रंथालय. आशिया प्रांताचा प्रांताधिकारी राहिलेल्या सेल्ससच्या स्मरणार्थ त्याचा मुलगा अक्विला याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी ते बांधायला घेतले. शहराच्या आत दफन होणे हा दुर्मीळ मान होता, आणि सेल्ससची शवपेटिका ग्रंथदालनाच्या खालीच आहे. येथे सुमारे १२ हजार गुंडाळ्या मावत असाव्यात, असा अंदाज आहे. दमटपणा लागू नये म्हणून आतली आणि बाहेरची अशा दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवली आहे. दर्शनी भाग जरा बारकाईने पाहा. चौथरा मधोमध किंचित फुगीर आहे, आणि मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा थोडे मोठे आहेत. शेजारच्या इमारतींमध्ये दाटीने बसवावी लागलेली ही वास्तू त्यामुळे आहे त्याहून रुंद भासते. आपण पाहतो ती भिंत मात्र मध्ययुगातील भूकंपात पडली होती. ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात मूळ दगड ओळखून ती पुन्हा उभी केली. कोनाड्यांतील चार स्त्रीमूर्ती प्रज्ञा, विद्या अशा गुणांच्या आहेत; त्या प्रतिकृती असून मूळ मूर्ती व्हिएन्नात आहेत.

थिएटरमध्ये सुमारे २५ हजार लोक बसत. आर्टेमिसचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय नावाचा कारागीर ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या प्रवचनांमुळे आपला धंदा बुडेल या भीतीने लोकांना भडकवतो, जमाव थिएटरमध्ये घुसतो आणि ‘इफिसकरांची अर्तमी (म्हणजे आर्टेमिस) थोर’ असा घोष सुमारे दोन तास करत राहतो, ही बायबलमधील हकीकत येथेच घडली. पायऱ्यांच्या अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले की बंदराचा रस्ता एका रेषेत दिसतो, आणि त्यापलीकडे हिरवट दलदलीचा आकारही ओळखू येतो.

त्या बंदराचे दुर्दैव माणसाच्या हातूनही ओढवले. पर्गामनच्या अटॅलस राजाच्या स्थापत्यकारांनी बंदराचे तोंड बांध घालून अरुंद केले. त्यामुळे पाणी खोल राहील अशी त्यांची अटकळ होती. पूर्वी भरती-ओहोटीच्या ओढीने गाळ बाहेर वाहून जाई, तो आता आतच अडकला आणि बंदर अधिकच उथळ झाले. हेही स्ट्रॅबोनेच लिहिले आहे. पुढे सम्राट हेड्रियनने नदीचा प्रवाह वळवण्याचा प्रयत्न केला, बंदरातील गाळ उपसला गेला, परंतु नदीचे काम थांबले नाही.

(दृश्य : सेल्चुकचे एफिसस संग्रहालय. अंधाऱ्या दालनात प्रकाशात उभी मूर्ती.)

सेल्चुकच्या मध्यावर असलेल्या या संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. १९५६ साली नगराच्या अग्निशाळेत, म्हणजे जेथे शहराचा पवित्र अग्नी अखंड तेवत असे त्या प्रितानेयॉनमध्ये, सापडलेल्या आर्टेमिसच्या मूर्ती येथे आहेत. ‘महान आर्टेमिस’ जवळजवळ तीन मीटर उंच आहे. ‘सुंदर आर्टेमिस’चा चेहरा शांत आणि कोरीव आहे. तिच्या घट्ट वस्त्रावर सिंह, बैल आणि मधमाश्या कोरल्या आहेत. छातीवर ओळीने लटकणारे गोलाकार म्हणजे स्तन, अंडी की बळी दिलेल्या बैलांचे वृषण, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. प्रितानेयॉन लयाला जात असताना कोणीतरी ही मूर्ती जपून जमिनीत पुरली होती. नवा धर्म शहरावर स्थिरावत असताना त्या हातांनी देवीला मातीच्या स्वाधीन केले, ही गोष्ट मला मंदिराच्या १२७ खांबांपेक्षा अधिक हलवून जाते.

शेजारी ग्लॅडिएटरांचे दालन आहे. १९९३ मध्ये त्यांची दफनभूमी सापडली. हाडांच्या तपासणीतून त्यांच्या आहारात धान्य आणि कडधान्ये भरपूर होती, असे दिसून आले. मंदिरातील कोरीव खांबाचे भाग आणि सॅल्युटारिसचा शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तर इतर अनेक शिल्पे व्हिएन्नाच्या एफेसोस म्युझियममध्ये. ज्या शिलालेखाने मंदिराचा पत्ता सांगितला, तो त्या वाटेपासून इतका दूर असावा याची खंत वाटते.

(दृश्य : अयासुलुक टेकडी. संध्याकाळ.)

बंदर निकामी होत गेले तसे एफिससचे लोक पुन्हा मंदिराजवळच्या या टेकडीकडे सरकले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने येथे संत योहानाच्या समाधीवर सहा घुमटांचे विशाल चर्च बांधले. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे आला तेव्हा त्या चर्चची मशीद झालेली होती, आणि त्याने तिच्या संगमरवराचे कौतुक केले आहे. हाच प्रवासी काही वर्षांनी आपल्या दौलताबादेलाही पोहोचला आणि त्याचेही वर्णन त्याने लिहून ठेवले.

टेकडीच्या पश्चिम उतारावर इसा बे मशीद आहे. आयदिन घराण्यातील इसा बे याच्यासाठी दमास्कसच्या वास्तुकाराने ती १३७५ मध्ये पूर्ण केली. आतले प्रचंड खांब एफिससच्या अवशेषांतून आणलेले आहेत. चर्चच्या अंगणातून पाहिले की खाली मशिदीचे घुमट, त्यापलीकडे खड्ड्यातला तो एकटा खांब, आणि त्याही पलीकडे, जेथे कधी जहाजे नांगर टाकत असत तेथे, नदीच्या गाळावर वाढलेल्या फळबागा पश्चिमेपर्यंत पसरलेल्या दिसतात.