हेडलाइट लावले की काटा का सरकतो?

हेडलाइट लावले की माझ्या गाडीचं मिक्श्चर लीन व्हायचं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. म्हणजे डॅशबोर्डवर मी बाहेरून आणून बसवलेला जो एअर-फ्युएल गेज होता, त्याचं तसं म्हणणं होतं. आयडलिंगला 14.7 च्या आसपास (एक भाग पेट्रोलला वजनानं 14.7 भाग हवा, म्हणजे बरोबर मिक्श्चर) असलेला काटा हेडलाइटचं बटण दाबलं की सरकून 15.3 वर जायचा, आणि बंद केले की परत खाली. मी काय केलं, तर जे सगळेच करतात तेच, नवीन ऑक्सिजन सेन्सर आणला, जुना खोलून तो बसवला, हेडलाइट लावले, काटा 15.3. आज मी जे सांगणार आहे ते त्या वाया गेलेल्या सेन्सरमुळेच सांगतोय, कारण मंडळी, काटा चुकला की दोष सेन्सरचाच हे आपण इतकं पटकन धरून चालतो की काट्यापर्यंत पोचेस्तोवर मध्ये अजून चार जण उभे आहेत हे डोक्यातच येत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. जळून झाल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरलाय तेवढंच त्याला कळतं आणि त्यावरून मिक्श्चरचा आकडा कंट्रोलर, म्हणजे सेन्सर आणि गेज यांच्यामधला डबा, हिशोब करून काढतो. ऑक्सिजन सेन्सर गाडीत पहिल्यांदा आला 1976 ला, बॉशनं केला होता आणि व्होल्वोच्या 240 मध्ये कॅलिफोर्नियासाठी बसवला होता, आणि आतलं तत्त्व अजून तेच आहे, झिरकोनियाची सिरॅमिक, जी तीनशेएक अंशाच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जायला लागतात, एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की व्होल्टेज तयार होतं.

आता साधा म्हणजे नॅरोबँड सेन्सर रिचला (पेट्रोल जास्त) 0.9 व्होल्टच्या आसपास देतो, लीनला 0.1, आणि मधे 0.45 ला एकदम उडी मारतो. त्यामुळे कंपनीच्या सेन्सरच्या वायरवर कुणी दिव्यांचा गेज जोडला असेल आणि ते दिवे सारखे इकडून तिकडे पळत असतील, तर गेज बिघडलेला नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच, मिक्श्चर जरा रिच, जरा लीन असं हलवत ठेवतो, त्याचं कामच ते आहे. उलट गरम इंजिनला, एका स्पीडला, ते दिवे एका जागी चिकटून बसले तर काळजी करा. आणि हो, असा गेज जोडताना तो त्या वायरवरून करंट ओढत नाही ना एवढं बघा, स्वस्त गेज ओढतात आणि मग सिग्नल खाली बसतो, ईसीयूला वाटतं मिक्श्चर लीन आहे, तो पेट्रोल वाढवतो, आणि आपण गेज बसवून चांगली चालणारी गाडी बिघडवलेली असते.

वायडबँडचं, म्हणजे नुसतं रिच-लीन न सांगता नेमका आकडा देणाऱ्या सेन्सरचं, वेगळं आहे. त्यात एक पंप सेल असते, ती ऑक्सिजन बाहेर ओढते किंवा आत ढकलते, कंट्रोलरचं एकच ध्येय असतं की आतली दुसरी सेल 450 मिलिव्होल्टवर स्थिर राहिली पाहिजे, आणि त्यासाठी किती करंट लागला त्यावरून आकडा येतो. हे सगळं जमायला सेन्सर साधारण 780 अंशांवर धरून ठेवावा लागतो, म्हणून हीटर, आणि हीटर म्हणजे ॲम्पियरमधला करंट. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. अजून एक, बॉशच्या एलएसयू या वायडबँड सेन्सरला वायरी पाच पण कनेक्टरला पिना सहा, कारण कनेक्टरच्या आत एक बारीक रेझिस्टर असतो, तो त्याच सेन्सरसाठी फॅक्टरीत जुळवलेला असतो. वायर पुरत नाही म्हणून कनेक्टर कापून दुसरा लावला की तो रेझिस्टर कचऱ्यात गेला आणि गेजचा आकडा कायमचा चुकीचा झाला. कापू नका हो. एक्स्टेंशन केबल घ्या.

मग शोधायचं कसं? मी धुरापासून सुरू करतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठं लीक असेल तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. खूण सोपी आहे, आयडलिंगला लीन दाखवतो आणि गाडी लोडवर गेली की बरोबर यायला लागतो. गाडी गार असताना स्टार्ट करून जॉइंटजवळ हात धरा, फुसफुस लागते, नाहीतर गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ दिसते. मिसफायरचंही असंच आहे, एखादा सिलिंडर पेटतच नसेल तर त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर येतो आणि गेज लीन ओरडतो, प्लगवरून मात्र पेट्रोल टपकत असतं. अशा वेळी गेजवर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवलं तर अजून वाट लागते.

सेन्सर जिवंत आहे का ते बघायला तो खोलायचीही गरज नाही. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर गिअरमध्ये तीनेक हजार आरपीएमला न्या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीयू पेट्रोल बंद करतो, एक्झॉस्टमधून नुसती हवा जाते, आणि गेज झटकन लीनच्या टोकाला गेला पाहिजे. रेंगाळत गेला किंवा अर्ध्यातच थांबला तर सेन्सरवर संशय घ्या. मग खोलून मोकळ्या हवेत धरा, हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन आहे आणि तो आकडा कुठंच बदलत नाही, तिथं टोकाचं रीडिंग आलंच पाहिजे. टोक भयंकर तापलेलं असतं, हात लावू नका.

आता काट्याकडून उलटं या. माझ्या गेजला कंट्रोलरकडून 0 ते 5 व्होल्टचा सिग्नल यायचा, 0 म्हणजे 10 आणि 5 म्हणजे 20, म्हणजे एका व्होल्टला दोन आकडे (तुमच्या गेजची पट्टी वेगळी असू शकते, सोबतच्या कागदात बघा). मी कंट्रोलरची वायर सोडवली आणि तिच्या जागी घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल जोडला, मायनस गेजच्या अर्थला (गाडीच्या पत्र्याला कसलेली मायनस वायर), प्लस सिग्नलला. मल्टिमीटरवर सेल 1.5 व्होल्ट होता, काटा 13 वर जाऊन थांबला. दहा अधिक तीन. बरोबर. हेडलाइट लावले, काटा हललाच नाही. तिथं मला पहिल्यांदा कळलं की गेज निर्दोष आहे आणि भानगड मधल्या वायरींमध्ये आहे.

मग मल्टिमीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन कंट्रोलरची अर्थ वायर जिथं कसली होती त्या टोकावर. इंजिन चालू, हीटर चालू. 0.03 व्होल्ट, तो हीटरच्या करंटचा. ठीक आहे. हेडलाइट लावले. 0.31. म्हणजे कंट्रोलर ज्याला शून्य समजत होता ते शून्य नव्हतंच, आणि गेजचा अर्थ दुसरीकडं, चांगल्या जागी होता, त्यामुळे सिग्नलमध्ये 0.28 व्होल्ट फुकट मिळत होते, दोननं गुणा, 0.56, माझे 14.7 चे 15.3. त्याच बोल्टवर हेडलाइटचाही अर्थ होता, दोन दिव्यांचा नऊएक ॲम्पियर करंट, आणि बोल्टच्या खाली रंग आणि गंज. एक ओहमचे शंभर भाग केले तर त्यातले तीन, एवढाच रेझिस्टन्स, पण पुरे. पत्रा घासून चकचकीत केला, कंट्रोलर आणि गेज दोघांचे अर्थ आपापल्या जागेवरून काढून एकाच स्वच्छ बोल्टवर घेतले, काटा तेव्हापासून हेडलाइटला ओळख देत नाही.

म्हणून दिवे, फॅन, वायपर लावल्यावर रीडिंग हललं तर आधी अर्थ बघा. कंट्रोलर गेजच्या आतच असेल किंवा दोघं डिजिटल वायरीनं बोलत असतील तर गेजला हा त्रास नसतो, पण तिथून ईसीयूला जो ॲनालॉग सिग्नल जातो त्याला असतोच.

इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल एकांनी चिठ्ठी पाठवलीय. सेन्सरला लॅम्डा कळतो, लॅम्डा 1 म्हणजे बरोबर मिक्श्चर, आणि गेज त्याला सरळ 14.7 नं गुणतो. ई85 चं, म्हणजे 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनाचं, खरं प्रमाण 9.8 च्या आसपास आहे, तरी पेट्रोलची पट्टी असलेला गेज बरोबर मिक्श्चरला 14.7 च दाखवणार. गेज बिघडला नाही. पट्टी लॅम्डावर करून ठेवा म्हणजे इंधन कुठलंही असो, आकडा एकच.

दुसरी चिठ्ठी, सेन्सर सारखे का मरतात. बहुतेक वेळा पाण्यानं. गार एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं, तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की तडा जातो, म्हणून सेन्सरची वायरीची बाजू आडव्याच्या किमान 10 अंश वर येईल असा बसवा, टोक खाली राहील असा, आणि एक्झॉस्टच्या तळाला कधीच नको. सिलिकॉनचा साधा सीलंट, जळणारं ऑइल, शिशाचं पेट्रोल यांनीही मरतो. आणि गेज बिघडला म्हणून त्याचा फ्यूज काढून सेन्सर तसाच एक्झॉस्टमध्ये ठेवून गाडी फिरवू नका, हीटर बंद असला की काजळी त्याच्यावर बसतच जाते. गेज दुरुस्त होईपर्यंत सेन्सर काढा आणि त्या जागी 18 मिलिमीटरचा बूच लावा.