ओव्याचं तेल चोळण्याआधी

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

मृग तोंडावर आलाय. शिरोळ-हातकणंगल्यात सोयाबीनची पोती उसवली जातील, पन्हाळ्याच्या माळाला भुईमुगाच्या टोकणीची घाई उडेल. अशात हल्ली एक प्रश्न हमखास येतो : बियाण्याला औषधाऐवजी ओव्याचं नाहीतर लवंगाचं तेल चोळलं तर चालतंय का?

चालतंय, पण जपून.

भुईमूग उगवून आला की अधेमधे एखादं रोप मान टाकतं. ते उपटून बघा. मातीलगत, बुडख्यावर काजळीसारखी काळी भुकटी दिसते. ही अ‍ॅस्परजिलस नायजर बुरशी. ती दाण्यावरूनही येते आणि मातीतही असते. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल, गवती चहातला सिट्रल हे या बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. दाण्यावरची बुरशी त्यानं अडते. मातीतलीचं काय? वास येतो म्हणजेच तेल उडतंय. चार दिवसांनी ते राखणीला नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बुरशीला मारणारं तेल कोंबालाही सोडत नाही. नेदरलँडमध्ये साठवणीतल्या बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणून शहाजिऱ्यातला कार्व्होन वापरला गेलाय, आणि लवंगाचं तेल तर काही देशांत तण जाळायला मारतात! म्हणून सगळं पोतं एकदम चोळू नका. तेल लावलेले 100 दाणे आणि बिनतेलाचे 100 दाणे ओल्या गोणपाटात वेगवेगळे गुंडाळा. आठवड्यानं मोड मोजा. तेलाचे कमी भरले तर तो विषय तिथंच सोडा.

सोयाबीन मात्र तेलाच्या पाण्यात भिजवायचंच नाही. त्याचं टरफल पातळ. पाणी लागलं की सुरकुततं आणि चोळताना हातात येतं. मग डाळंब्याच पेराव्या लागतील.

माझं मत विचाराल तर भुईमुगाच्या मुख्य रानाच्या बियाण्याला किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी, हाच बरा. तेलाचा प्रयोग बांधाकडच्या दोन सऱ्यांवर करा. दोन्ही एकाच दाण्याला लावू नका, कारण ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे. तेलाला आपली-परकी कळत नाही.

आणि तेल चोळताना हातमोजे घालाच. ओव्याचं तेल कातडीला झोंबतं. तोच हात डोळ्याला लागला, तर पेरणी राहील बाजूला आणि तुम्ही बसाल हौदावर डोळे धूत.