लाखपुरीचं स्टेशन

श्रोतेहो, नमस्कार.

मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना पूर्णेच्या काठी लाखपुरी लागतं. लक्षेश्वराच्या दर्शनाला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. आज मात्र आपण देवळाआधी स्टेशनाकडे वळू. अडीच फुटांवर दोन बारीक रूळ आणि त्यांच्यावर वाढलेलं गवत, बाभळी. गाडी आता येत नाही.

हे स्टेशन आपल्या शकुंतलेचं, म्हणजे शकुंतला या छोट्या गाडीचं. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली गेली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला उतरायच्या, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांकडे. लाइनची मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, तरी ही लाइन कंपनीचीच राहिली. गाड्या तेवढ्या मध्य रेल्वे चालवायची. आपल्याच शिवारातले रूळ आपले नाहीत, ही गोष्ट मला आजही सलते.

इंजिनही तिकडचंच. मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेलं वाफेचं इंजिन शकुंतलेला ओढत होतं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल आलं.

पण शकुंतला आठवते ती तिच्या माणसांमुळे. मोजकी माणसं, आणि सगळी कामं त्यांच्याकडेच. तिकिटं गार्डच द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, एक जण खाली उतरून फाटक लावायचा. गाडी रस्ता ओलांडून पुन्हा थांबायची. तो फाटक उघडायचा, धावत यायचा आणि डब्याचा दांडा धरून चढायचा. बैलगाडीवाला तोवर कासरा आवळून शांत उभा. कोणालाच घाई नसे. डब्यात बाजाराला निघालेल्या बाया, शाळेची पोरं, माहेरी चाललेली लेक. एसटीपेक्षा भाडं कितीतरी कमी, म्हणून शेतमजुराला ही गाडी परवडायची. ती बंद झाली तेव्हा तोट्याचा हिशेब झाला, या माणसांच्या खिशाचा झाला नाही. ब्रॉडगेजची मागणी लोकांनी सोडलेली नाही, सत्याग्रहही केले.

पथ्रोट, अंजनगाव, कापूसतळणी, बनोसा, लाखपुरी इथल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. या लाइनवर गँगमन, गार्ड म्हणून राबलेली माणसं अजून गावात असतील. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. फाटक लावायला पहिल्यांदा कुठे उतरायचे, तिथूनच विचारायला सुरुवात करा. कोणाच्या पेटीत पुठ्ठ्याचं जुनं तिकीट निघालं, तर ते टाकू नका.

नमस्कार.