थंड होणारी रात्र आणि दुर्बिणीचा रोख

संध्याकाळी दुर्बीण उघड्यावर मांडली, दोन ओळखीच्या ताऱ्यांवर रोखून संगणकाला दिशांची ओळख करून दिली, तिसरा तारा मागितला तर तो दृश्यक्षेत्राच्या अगदी मधोमध आला. आणि पहाटे तीन वाजता त्याच दुर्बिणीला एखादा तारा मागितला तर तो कडेला कुठेतरी सापडला, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. मीही घेतला आहे, आणि पहिली काही वर्षे दर वेळी सगळा दोष दुर्बीण फिरवणाऱ्या गिअरच्या माथी मारला आहे. गिअर निर्दोष असतात असे मला म्हणायचे नाही. पण संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गिअरचे दाते काही बदललेले नव्हते. हवेचे तापमान मात्र चांगलेच उतरलेले होते.

आज ज्या मापात बोलायचे आहे ते आधी डोळ्यांसमोर आणू. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. या विकलेलाच आपण आता आर्कसेकंद म्हणतो. एक मीटर लांबीच्या सळईचे एक टोक ५ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाने, उचलले की सळईची दिशा साधारण एका आर्कसेकंदाने बदलते. आता पोलाद घ्या. पोलादाची एक मीटरची सळई तापमान एका अंशाने वाढल्यास सुमारे १२ मायक्रॉनने लांबते आणि अॅल्युमिनियमची सुमारे २३ मायक्रॉनने. दहा मीटर उंचीचा पोलादी सांगाडा दहा अंशांनी थंड झाला तर तो १.२ मिलिमीटरने आखडतो. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की वाटते, दुर्बीण एखाद्या ताऱ्यावर मुळी रोखली जातेच कशी?

ती रोखली जाते, कारण लांबी बदलणे वेगळे आणि दिशा बदलणे वेगळे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्याच प्रमाणात आखडल्या तर त्याचे कोन तसेच राहतात. संपूर्ण दुर्बीण एकाच धातूची असेल आणि तिचा प्रत्येक भाग एकाच वेळी, एकाच तापमानाने थंड होत असेल, तर ती आकाराने किंचित लहान होईल. आरसा वेगळ्या पदार्थाचा असल्यामुळे फोकस सरकेल, पण रोख ढळणार नाही. म्हणजे रोख बिघडवते ते तापमान नव्हे. दुर्बिणीच्या एका भागाच्या आणि दुसऱ्या भागाच्या तापमानातला फरक तो बिघडवतो. हवामानाच्या फलकावर दिसणारा एकच आकडा पाहून पॉइंटिंगविषयी, म्हणजे या रोखाविषयी, काही ठरवू नये, असे मी म्हणतो ते याचसाठी.

एक उदाहरण बारकाईने पाहू. दुर्बिणीचा आडवा अक्ष दोन पोलादी खांबांवर टेकलेला आहे, खांब प्रत्येकी तीन मीटर उंच आहेत आणि त्यांच्यात चार मीटर अंतर आहे. एका खांबाला लागून मोटारींच्या नियंत्रणाची पेटी बसवलेली आहे आणि तिच्या उष्णतेने तो खांब दुसऱ्यापेक्षा फक्त एका अंशाने गरम आहे. तो ३६ मायक्रॉनने उंच होतो आणि अक्ष जवळजवळ दोन आर्कसेकंदांनी कलतो. आता नळीकडे या. दोन मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर लांबीच्या पोलादी नळीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा एका अंशाने थंड असेल, तर नळी धनुष्यासारखी वाकते आणि तिच्या दोन टोकांच्या दिशांमध्ये सुमारे सहा आर्कसेकंदांचा फरक पडतो. आणि आरसा? वीस सेंटिमीटर व्यासाचा आरसा ज्या धातूच्या बैठकीत बसतो, ती थंडीने आखडताना आरशाची एक कड नुसती एक मायक्रॉनने उचलली गेली, तर आरसा एका आर्कसेकंदाने कलतो. आणि परावर्तनाच्या नियमाने प्रतिमा त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन आर्कसेकंदांनी सरकते.

यातली खरी अडचण अशी की अक्षावर बसवलेल्या एन्कोडरला यातले काहीच कळत नाही. तो स्वतःच्या जागी अक्ष किती फिरला एवढेच मोजतो. खांब कलला, नळी वाकली, आरसा सरकला, तरी तो प्रामाणिकपणे जुनाच आकडा सांगत राहतो.

हा फरक येतो कुठून? दिवसा उत्तर सोपे असते: ऊन एका बाजूने पडते. रात्री मात्र गोष्ट अधिक मजेशीर आहे. निरभ्र आकाश हे उष्णतेच्या दृष्टीने फार थंड छत असते आणि त्याच्याकडे तोंड करून असलेला पृष्ठभाग प्रारणाने आपली उष्णता वर फेकत राहतो. त्यामुळे नळीची वरची बाजू हवेपेक्षाही थंड होते. तिच्यावर दव साठते ते म्हणूनच. येथे पांढरा रंग आपल्याला फसवतो. दिवसा तो ऊन परतवतो म्हणून आपण त्याला थंड समजतो, पण अवरक्त प्रारणाच्या दृष्टीने पांढरा रंग जवळजवळ काळाच असतो आणि रात्री तो जोमाने उष्णता बाहेर टाकतो. चकचकीत अॅल्युमिनियम हे फारच कमी करते. म्हणून काही वेधशाळांचे घुमट पांढरे न रंगवता अॅल्युमिनियमच्या चकाकीचे ठेवलेले दिसतात.

दुसरे कारण जाडीचे. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा हवेचे तापमान काही मिनिटांत गाठतो, जाड पोलादी ठोकळ्याला त्यासाठी कित्येक तास लागतात. रात्रभर हवा थंड होत असेल तर पातळ भाग पुढे आणि जाड भाग मागे, अशी ही शर्यत चालू राहते. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून १ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री पहिल्यांदा गुरू पाहिला, तेव्हा एकाऐवजी एकमेकांवर चढलेल्या अनेक प्रतिमा दिसल्या. दिवसा घुमट उघडा राहिल्याने आरसा तापला होता. पहाटेपर्यंत वाट पाहिल्यावर अभिजित तारा स्वच्छ बिंदूसारखा दिसला. तो दोष आरशाच्या पृष्ठभागाच्या आकाराचा होता, रोखाचा नव्हे; पण कारण हेच. आज मोठ्या वेधशाळांचे घुमट दिवसा बंद ठेवून आतली हवा येणाऱ्या रात्रीच्या तापमानापर्यंत थंड केली जाते.

दुर्बिणीच्या बाहेरही एक कारण आहे: वातावरणाचे वक्रीभवन. ४५ अंश उंचीवरचा तारा वक्रीभवनाने सुमारे एक कला वर उचललेला दिसतो. ही उचल हवेच्या घनतेवर अवलंबून असल्याने तापमानातल्या दहा अंशांच्या बदलाने तेथे सुमारे दोन आर्कसेकंदांचा फरक पडतो आणि २० अंश उंचीवर पाच-सहा आर्कसेकंदांचा. सुदैवाने याचे सूत्र पक्के आहे. हवेचे तापमान आणि दाब खरे दिले की काम भागते.

रेडिओ दुर्बिणींचा प्रश्न अधिक कठीण, कारण त्या दिवसाही काम करतात आणि घुमटाशिवाय उन्हात उभ्या असतात. अमेरिकेतील ग्रीन बँक येथील १०० मीटरची दुर्बीण २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर आकाशाचा सुमारे नऊ कलांचा तुकडा एका वेळी पाहते. तेथे पाच आर्कसेकंदांची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. तीच दुर्बीण तीन मिलिमीटरच्या तरंगलांबीवर नेली की तो तुकडा आठ-नऊ आर्कसेकंदांचा उरतो आणि तीच चूक म्हणजे हातचा स्रोत निसटणे. म्हणून तिच्या पोलादी सांगाड्यावर जागोजागी तापमापक बसवले आहेत आणि त्यांच्या नोंदींवरून रोखाची व फोकसची दुरुस्ती केली जाते. स्पेनमधील पिको वेलेता येथील ३० मीटरच्या दुर्बिणीने दुसरा मार्ग धरला: तबकडीमागचा सांगाडा उष्णतारोधक आवरणात बंद करून आतल्या हवेचे तापमान नियंत्रित केले आहे.

इन्व्हारसारखा मिश्रधातू किंवा कार्बन फायबर वापरला तर प्रसरण पोलादाच्या दहाव्या भागावर किंवा त्याहूनही खाली येते, हे खरे. पण अख्खी दुर्बीण त्याचीच करणे क्वचितच परवडते आणि दोन भिन्न पदार्थ जोडले तेथे प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आता ज्या चुकीबद्दल मला विशेष बोलायचे आहे तिच्याकडे येतो. रोखाची दुरुस्ती आपण पॉइंटिंग मॉडेलने करतो: आकाशभर विखुरलेले पन्नासेक तारे घ्यायचे, प्रत्येक ठिकाणची चूक नोंदवायची आणि एन्कोडरचा शून्य, अक्षांचा कल, नळीचे वजनाने वाकणे अशी पदे असलेले सूत्र त्या नोंदींवर बसवायचे. वेळ वाचावा म्हणून आपण तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे ओळीने घेतो. या दोन तासांत रात्र थंड होत असते. त्यामुळे पूर्वेचे तारे गरम दुर्बिणीने आणि पश्चिमेचे थंड दुर्बिणीने पाहिले जातात, आणि तापमानाने झालेली सरक सूत्राला दिशेमुळे झालेली वाटते. सूत्र ती अक्षाच्या कलात जिरवून टाकते. उरलेल्या चुका सुंदर लहान दिसतात, आपण खूश होतो, पाच नवी पदे घालून त्या आणखी लहान करतो, आणि दुसऱ्या रात्री सगळे मॉडेल कोलमडते. मॉडेलमध्ये पदे वाढवण्याचा हा सोस मला अजिबात पटत नाही.

उपाय अगदी साधा आहे. तारे ओळीने न घेता उलटसुलट क्रमाने घ्या, दुर्बिणीला थोडी जास्त पळापळ करू द्या, प्रत्येक नोंदीसमोर वेळ, हवेचे तापमान आणि निदान नळीच्या व खांबांच्या धातूचे तापमान लिहा; आणि शेवटचा तारा झाला की पहिल्या ताऱ्याकडे परत जा, मग तो एव्हाना कितीही दूर गेलेला असो. तो सुरुवातीच्या दुरुस्तीने जेथे यायला हवा तेथे आला नाही, तर ते अंतर मोजून वहीत वेगळे लिहून ठेवा आणि ते मॉडेलमध्ये घालू नका.